शुगर बीटच्या मुळातला पॉलिमिक्सा आणि रायझोमेनिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी ऊस, त्यामुळे साखर म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर मोळी, कोयता आणि कारखान्याच्या गेटवरची ट्रॅक्टरची रांग एवढंच यायचं. पुढे प्लांट पॅथॉलॉजी शिकले, नेदरलँड्समध्ये दोन हंगाम शुगर बीटच्या चाचणी प्लॉटवर काम केलं आणि तिथं पहिल्यांदा रायझोमेनिया झालेला बीट उपटून हातात घेतला. तेव्हापासून बाबा, मित्रमंडळी, ज्युनिअर मुलं-मुली सगळे तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते.

शुगर बीट म्हणजे आपलं कोशिंबिरीतलं लाल बीटच का?

नात्यातलंच, प्रजाती एकच, पण हा कंद पांढरट असतो, जाडजूड मुळ्यासारखा खाली निमुळता होत जातो आणि चांगल्या पिकात त्यात १६ ते १८ टक्के साखर असते. १७४७ मध्ये मार्ग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने बीटात उसातलीच साखर असते हे दाखवून दिलं, आणि आज जगातली साधारण पाचवा हिस्सा साखर बीटातून येते. युरोप, रशिया, तुर्कस्तान, इराण, जपानचं होक्काइदो, अमेरिकेतलं मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा, या भागात बीट म्हणजे आपल्या कोल्हापूर-सांगलीतला ऊसच समजा, कारखाना आहे, गाळप हंगाम आहे, उताऱ्यावरून होणारी चर्चा पण तीच आहे.

रायझोमेनिया म्हणजे नक्की काय?

शब्दाचा अर्थ मुळांचं वेड. झाड बारीक बारीक तंतुमुळं इतकी फोडत सुटतं की सोटमुळाला दाढी आल्यासारखी दिसते, आणि ती मुळं काही दिवसांत काळी पडून मरतात, मग झाड परत नवीन फोडतं, ती पण मरतात, असं चालूच राहतं. कंदात साखर भरायची ताकद सगळी या धडपडीत जाते. हे करतो एक व्हायरस, त्याचं नाव बीट नेक्रॉटिक यलो व्हेन व्हायरस. पण हा व्हायरस स्वतःहून मुळात शिरू शकत नाही, मावा नाही, पांढरी माशी नाही, त्याला आत नेणारा वेगळाच, मातीत राहणारा, मुळावर जगणारा एक परजीवी आहे. त्याचं नाव पॉलिमिक्सा बीटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो: पॉलिमिक्सा एकटा असेल, म्हणजे व्हायरस न घेतलेला, तर शेतात त्याचं फारसं नुकसान जाणवत नाही. बीट पिकवणाऱ्या कित्येक जमिनींत तो गुपचूप राहत असतो. त्रास सुरू होतो तो त्याच्या आत बसून आलेल्या प्रवाशामुळे.

पॉलिमिक्सा बुरशी आहे का?

जुन्या पुस्तकांत बुरशीच लिहिलेलं सापडेल, आम्हालाही पहिल्या वर्षी तसंच शिकवलं होतं. पण नाही, बुरशी नाही. आता तो ऱ्हायझेरिया नावाच्या एकपेशीय जीवांच्या मोठ्या गटात धरतात. कोबीच्या मुळांना गाठी आणणारा प्लाझमोडिओफोरा आणि बटाट्यावर पावडरी खवल्या आणणारा स्पाँगोस्पोरा हे त्याचे जवळचे भाऊबंद. हा फरक नुसता नावापुरता नाही, बुरशीनाशकं याच्यावर का चालत नाहीत त्याचं एक कारण इथेच आहे.

१९६४ मध्ये केस्किन या संशोधकाने बीटाच्या मुळातल्या या जीवाचं नीट वर्णन करून त्याला नाव दिलं. दुसरी अडचण म्हणजे हा जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, बाकीच्या बुरशींसारखा प्लेटमध्ये अगर (समुद्रशेवाळापासूनची जेली) ओतून त्यावर वाढवता येत नाही, अभ्यास करायचा तर बीटाची रोपं लावा, मुळं धुवा, रंगवा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून बसा.

मुळात शिरतो कसा?

हे मला सगळ्यात जास्त आवडतं सांगायला, त्यामुळे थोडं लांबणार.

मातीत त्याचे विश्रांतीतले बीजाणू पुंजक्याने पडून असतात, जाड भिंतीचे, एकमेकांना चिकटलेले. रंगवलेल्या मुळाच्या पेशीत हे पुंजके बघितले तर द्राक्षाचा छोटा घोस कोंबून भरल्यासारखे दिसतात. जमीन ओली झाली, ऊब आली आणि शेजारी बीटाचं कोवळं मूळ आलं की एकेका बीजाणूतून एकेक पोहणारा बीजाणू बाहेर पडतो, त्याला दोन शेपट्या असतात, एक आखूड एक लांब, आणि आकार साधारण ४-५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये दोनशेच्या वर मावतील एवढा. हा मातीच्या कणांमधल्या पाण्यातून पोहत जातो. म्हणून पाणी नसेल तर तो काही करू शकत नाही, हे लक्षात ठेवा, पुढे पाण्याच्या प्रश्नात परत येणार आहे.

मुळाच्या केसाला पोहोचला की शेपट्या आत ओढून घेतो, गोल होऊन चिकटतो आणि भोवती कवच करतो. कवचाच्या आत एक नळी तयार होते आणि त्या नळीत एक टोकदार सुई. तयारीला वेळ लागतो पण टोचणं मात्र क्षणाचं काम, नळी उलटून बाहेर येते, सुई पेशीची भिंत भोसकते आणि त्या भोकातून त्याचं सगळं अंग आतल्या पेशीत ओतलं जातं, बाहेर उरतं ते रिकामं टरफल. अंगात व्हायरस असेल तर तो पण त्याच्याबरोबर पेशीत जातो.

आत गेल्यावर तो वाढतो, आणि मग दोन रस्ते. एक म्हणजे लगेच नवीन पोहणारे बीजाणू बनवून शेजारच्या मुळांवर सोडायचे, ऊब आणि ओल असेल तर ही फेरी काही दिवसांत पूर्ण होते आणि एका हंगामात किती फेऱ्या होतील याची कल्पना करा. दुसरा म्हणजे परत जाड भिंतीचे पुंजके बनवून झोपी जायचं. मूळ कुजतं, पुंजके मातीत मोकळे होतात, आणि तिथंच पडून राहतात.

किती वर्षं पडून राहतात?

पंधरा वर्षांहून जास्त, आणि आतला व्हायरस पण तेवढीच वर्षं जिवंत, म्हणजे रोग करण्याच्या लायकीचा. कोरड्या मातीत, बीट नसताना, काहीही खायला न मिळता. म्हणूनच एकदा शेतात आला की तो त्या शेताचाच झाला असं तिकडचे शेतकरी धरून चालतात, आणि मला तरी ते बरोबरच वाटतं.

शेतात ओळखायचं कसं?

वरून बघितलं तर पहिल्यांदा पट्टे किंवा खळगे दिसतात जिथली पानं फिकट, पोपटी आणि जरा उभी, लांब देठाची झालेली असतात. बहुतेक वेळा हे पाणी साचणाऱ्या भागात, ट्रॅक्टर वळतो त्या टोकाला, किंवा उताराच्या दिशेने लांबत गेलेले असतात. दुपारी ऊन चढलं की तीच झाडं आधी मलूल होतात. नुसतं वरून सांगू नका मात्र, नत्र कमी पडलं तरी अशीच फिकट पानं होतात.

खरं निदान खुरप्याने होतं. झाड ओढून उपटू नका, ओढलं की दाढी मातीतच तुटून राहते, बाजूने फावडं घालून मातीसकट उचला आणि हाताने ढेकूळ मोकळं करा. मी पहिल्यांदा उचलला तेव्हा माती सुटेचना, बारीक मुळांचं जाळं इतकं दाट की ढेकूळ फोडायला बादलीत बुडवावं लागलं. धुतल्यावर जे दिसलं ते असं: कंद वर ठीकठाक रुंद, मग मध्येच एकदम आवळलेला, वाइनच्या ग्लाससारखा आकार, आणि आवळलेल्या जागेच्या खाली तपकिरी केसांचा झुपका. चांगल्या कंदाला दोन बाजूंच्या खोबणीत थोडी मुळं असतात, इथे मात्र चहूकडून. चाकूने उभा कापला तर आतल्या शिरा पिवळट-तपकिरी झालेल्या, खालच्या टोकाकडे जास्त गडद. शेजारच्याच प्लॉटमधला निरोगी बीट कापून शेजारी ठेवला तर तो आत पांढराशुभ्र असतो, फरक लहान मूल पण सांगेल.

दाढी निमॅटोडमुळे, म्हणजे मातीतल्या सूत्रकृमींमुळे पण येते. भिंग घेऊन मुळं बघा, लिंबाच्या आकाराच्या पांढऱ्या टाचणीच्या डोक्याएवढ्या गाठी चिकटलेल्या दिसल्या तर तो बीटचा सिस्ट निमॅटोड. दोन्ही एकाच शेतात पण असू शकतात, म्हणून शंका असेल तर लॅबमध्ये पाठवणं आलंच.

नावात यलो व्हेन आहे, मग शिरा पिवळ्या दिसत नाहीत त्या का?

कारण व्हायरस बहुतेक वेळा मुळातच राहतो, पानापर्यंत क्वचितच चढतो. जेव्हा चढतो तेव्हा शिरांच्या कडेने झगझगीत पिवळ्या रेघा येतात, फोटोत फार छान दिसतात, आणि त्यामुळेच पुस्तकात तोच फोटो असतो. शेतात तो फोटो शोधत फिरलात तर रोग हातातून निसटणार.

आणि माव्यामुळे येणारा पिवळेपणा हा वेगळा रोग, वेगळे व्हायरस. त्यात पानं जाड, ठिसूळ होतात आणि मुळाला दाढी नसते.

साखरेचं किती नुकसान होतं?

लवकर लागण झाली, म्हणजे रोप लहान असताना, तर टनेज अर्ध्यावर येऊ शकतं आणि साखर १६-१८ टक्क्यांवरून १० च्या खाली जाऊ शकते. दोन्ही एकदम होतं हे लक्षात घ्या. समजा हेक्टरी ६० टन आणि १७ टक्के साखर, म्हणजे १०.२ टन साखर. रोग आला, ३० टन आणि ९ टक्के, म्हणजे २.७ टन. शेतकऱ्याला वाटतं निम्मं गेलं, खरं तर तीन चतुर्थांश गेलं.

शिवाय कारखान्याला वेगळाच त्रास. रोगट बीटात सोडियम वाढतं, रसाची शुद्धता उतरते, आणि सोडियम जास्त म्हणजे तेवढी साखर स्फटिक न होता मळीत अडकून बसते. उलट अमिनो नत्र कमी होतं कारण मुळं नीट नत्र उचलतच नाहीत. साखर कमी, सोडियम जास्त, अमिनो नत्र कमी, असे तीन आकडे कारखान्याच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये एकत्र आले की जाणकार माणूस शेतात न जाता पण ओळखतो. आपल्याकडे रिकव्हरीच्या पॉइंटवरून किती बोललं जातं ते आठवा म्हणजे याची किंमत कळेल.

उशिरा, कंद बऱ्यापैकी पोसल्यावर लागण झाली तर मात्र नुकसान बरंच कमी असतं. कधी लागलं यावर सगळं ठरतं.

हा रोग आला कुठून?

पहिल्यांदा तो ठळकपणे दिसला इटलीत, १९५० च्या दशकात, पो नदीच्या खोऱ्यात, आणि कानोव्हा या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये त्याला रायझोमेनिया म्हटलं. तेव्हा कारण माहीत नव्हतं. कारण सापडलं जपानमध्ये, तामादा आणि बाबा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये व्हायरस वेगळा करून त्याचं वर्णन केलं. कॅलिफोर्नियात १९८३ मध्ये सापडला, इंग्लंडमध्ये १९८७ मध्ये सफक परगण्यात. त्यानंतर बीट पिकवणारा बहुतेक मोठा पट्टा त्याने व्यापला.

व्हायरसचे प्रकार पण आहेत, ए, बी आणि पी. पी प्रकार फ्रान्सच्या पितिव्हिएर भागात सापडला म्हणून ते नाव, आणि तो जास्त आक्रमक. या व्हायरसचा जिनोम, म्हणजे त्याची सगळी जनुकीय माहिती, चार आरएनए तुकड्यांत वाटलेला असतो, पी प्रकारात पाचवा तुकडा असतो. तिसऱ्या तुकड्यावर पी २५ नावाचं एक प्रोटीन लिहिलेलं आहे, दाढी येण्यामागे मुख्य हात त्याचा. हे नाव लक्षात ठेवा, व्हरायटीच्या प्रश्नात परत येईल.

एका शेतातून दुसऱ्या शेतात कसा जातो?

मातीबरोबर. बस, एवढंच उत्तर आहे, पण माती कशाकशाबरोबर जाते ते बघा: हार्वेस्टरला चिकटलेली, ट्रॅक्टरच्या टायरमधली, बुटाच्या तळव्यातली, बटाट्याच्या बेण्याला लागलेली, बीट धुतल्यावर कारखान्यात खाली बसणारा गाळ जो परत शेतात टाकतात, पाटाचं पाणी एका शेतातून वाहून दुसऱ्यात, वारा सुटला की उडणारी कोरडी माती. आजारी बीट खाल्लेल्या जनावरांच्या शेणातून पण तो जिवंत बाहेर पडतो. बियाण्याच्या आतून मात्र व्हायरस जात नाही.

मला हे किती सोपं आहे ते एका बाकाने शिकवलं. ग्रीनहाऊसमध्ये रोगट मातीच्या कुंड्या आणि निर्जंतुक वाळूच्या कुंड्या एकाच बाकावर ठेवल्या होत्या, मध्ये हातभर जागा सोडून, आणि सहा आठवड्यांनी टेस्ट केली तर स्वच्छ कुंड्यांतली अर्धी रोपं पॉझिटिव्ह. झारीने पाणी घालताना उडालेले शिंतोडे आणि बाकावरून वाहिलेलं पाणी, दुसरं काही नाही. दीड महिन्याचं काम वाया गेलं, परत पहिल्यापासून, पण त्यानंतर मी कधीही दोन्ही एका बाकावर ठेवल्या नाहीत आणि पाणी खालून ताटलीतून द्यायला लागले.

फेरपालट केली तर जाईल का?

जाणार नाही, वाढायचा वेग कमी होईल. गहू, बटाटा, मका घेतला तर पॉलिमिक्सा बीटीला खायला मिळत नाही, पण तो वाट बघत पडून राहतो, आणि चार-पाच वर्षांची फेरपालट पंधरा वर्षांच्या झोपेपुढे कमीच. उलट दर वर्षाआड बीट घेतलं तर पुंजक्यांची संख्या चढत जाते, म्हणून लांब फेरपालट हवीच, फक्त तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

अजून एक, तो नुसत्या शुगर बीटवरच जगतो असं नाही. लाल बीट, पालक, आणि तणांमध्ये चाकवत, या कुळातल्या झाडांवर त्याचं भागतं. शेतात बीट नाही पण चाकवत माजलाय अशी फेरपालट कागदावरच राहते.

औषध काय मारायचं?

बाबांचा फोनवरचा पहिला प्रश्न हाच होता. फवारायला काही नाही. मुळाच्या आत आणि जाड कवचात बसलेल्याला पोचेल असं परवडणारं औषध नाही. कॅलिफोर्नियात मिथाइल ब्रोमाइडसारखे वायू जमिनीत सोडून धुरी द्यायचे, त्याने फरक पडायचा, पण खर्च भयंकर, खोलवरचे पुंजके वाचायचे आणि पुढे ओझोनच्या कारणाने मिथाइल ब्रोमाइड माँट्रियल करारानुसार बंद होत गेलं. ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीबद्दल बरेच जण विचारतात, कुंडीत आशा वाटावी असं दिसतं, पण मोठ्या शेतात त्याच्या भरवशावर राहू नका.

पेरणी आणि पाण्याचं काय? तिथं काही करता येतं का?

येतं, आणि हे शेतकऱ्याच्या हातात आहे म्हणून मला फार महत्त्वाचं वाटतं.

पॉलिमिक्साला ऊब लागते, २५ अंश सेल्सिअसच्या आसपास तो जोरात असतो आणि जमीन १५ अंशांच्या खाली असली की सुस्त. बीटाचं बी मात्र त्याहून थंड जमिनीत उगवतं. म्हणजे लवकर, थंडीतच पेरलं तर रोपाला काही आठवडे मिळतात, सोटमूळ खाली जातं, आणि जमीन तापून पॉलिमिक्सा जागा होईपर्यंत झाड थोडं मोठं झालेलं असतं. उशिरा पेरलेलं शेजारचं शेत त्याच मातीत जास्त मार खातं.

पाणी तर सगळ्यात मोठं. तो पोहत जातो हे वर सांगितलंच, तर पाणी साचलेल्या, निचरा नसलेल्या, ट्रॅक्टरने दाबून घट्ट झालेल्या जमिनीत त्याला रस्ताच रस्ता. आपल्याकडे चिबड जमीन म्हणतो ना, तसली. वापसा आल्यावरच मशीन घालायचं, खालचा घट्ट थर फोडायचा, चर काढायचे, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत पाणी हात राखून द्यायचं, यातल्या कशाने रोग मरत नाही पण लागण पुढे ढकलली जाते, आणि पुढे ढकलणं म्हणजेच टनेज.

जमिनीचा सामू सातच्या आसपास किंवा वर असेल तर त्याला मानवतो, आम्ल जमिनीत तो दबतो. म्हणून सामू खाली आणावा का असं विचारतात, पण बीटाला स्वतःलाच आम्ल जमीन सोसत नाही, त्यामुळे तो रस्ता बंद.

मग आज तिकडे बीट पिकतो तरी कसा?

रेझिस्टंट, म्हणजे रोगाला दाद न देणाऱ्या व्हरायटीमुळे. ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

१९८३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात रोगट शेतात सगळं पिवळं पडलेलं असताना हॉली शुगर कंपनीच्या काही बीटांची झाडं हिरवी उभी राहिली. सॅलिनास इथल्या अमेरिकी कृषी खात्याच्या केंद्रातल्या लुएलन यांनी त्यावर काम केलं, आणि त्यामागे एकच प्रभावी जनुक आहे हे कळलं, त्याला आता आरझेड १ म्हणतात. इटलीतून रायझॉर नावाची व्हरायटी १९८० च्या दशकातच आली. दुसरं जनुक, आरझेड २, आलं डेन्मार्कच्या कालुंडबोर्ग खाडीच्या काठावर उगवणाऱ्या रानटी समुद्र-बीटातून. लाटांच्या कडेला, दगडगोट्यांत वाढणारं एक तण, ज्याच्याकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं, त्याने अख्ख्या युरोपच्या साखरेला आधार दिला. रानटी वाण जपायचे कशाला असं कोणी विचारलं की मी हेच उदाहरण देते.

पण एक गैरसमज काढून टाका. रेझिस्टंट म्हणजे रोग होतच नाही असं नाही. व्हायरस अशा झाडात पण थोडा वाढतो, आणि पॉलिमिक्सा तर मजेत वाढतो, त्याला हे जनुक अडवतच नाही. म्हणजे पीक चांगलं येतं आणि जमिनीतला साठा तसाच राहतो.

रेझिस्टन्स तुटला असं ऐकलं, खरं का?

हो. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत आरझेड १ असलेली पिकं पण आजारी पडायला लागली. तिथल्या व्हायरसचं पी २५ प्रोटीन तपासलं तर ६७ व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदललेलं, अॅलानिनच्या जागी व्हॅलिन. एवढाच बदल! मिनेसोटाकडे हिरव्यागार शेतात मध्येच एकटंदुकटं झगझगीत पिवळं झाड दिसायचं, लांबून दिवा लुकलुकल्यासारखं, म्हणून शेतकरी त्यांना ब्लिंकर म्हणायला लागले.

का झालं हे समजायला फार अवघड नाही. हजारो हेक्टरवर वर्षानुवर्षं एकच जनुक, आणि मातीत कोट्यवधी व्हायरस, त्यातल्या ज्याला कुलूप उघडायची किल्ली सापडली तोच वाढणार. माझ्या मते सगळ्यांनी एकाच जनुकावर टेकून राहणं ही चूक होती, आता आरझेड १ आणि आरझेड २ एकत्र असलेल्या व्हरायटी देतात आणि ते बरंच बरं चाललंय. तरी कमी रोग असलेल्या शेतात साधी व्हरायटी लावून टाकू, बियाणं स्वस्त पडतं, असा विचार कोणी करत असेल तर करू नका, त्या एका हंगामात जमिनीतला साठा किती चढेल ते नंतर उतरवता येत नाही.

पेरायच्या आधी माती तपासता येते का?

येते, पण थेट मातीत शोधणं किचकट, म्हणून आमिष लावायची पद्धत जास्त वापरतात. शेतात वेगवेगळ्या ठिकाणची माती एकत्र करून कुंडीत भरायची, बीटाची रोपं लावायची, उबदार आणि ओलं ठेवायचं, काही आठवड्यांनी मुळं धुऊन, वाटून त्यांची एलायझा टेस्ट करायची, म्हणजे व्हायरस असेल तर रंग येणारी लॅबमधली चाचणी. टेस्टच्या ट्रेमध्ये पिवळा रंग चढला की पॉझिटिव्ह. मशीनवर आकडा येतोच, पण चांगला पॉझिटिव्ह नुसत्या डोळ्याने पण दिसतो. आता आरएनएवर चालणाऱ्या टेस्टने प्रकार पण कळतो, ए की बी की पी. नमुना घेताना खळग्यातली, पाणी साचणारी, गेटजवळची जागा सोडू नका, पहिल्यांदा तिथंच सापडतो.

पॉलिमिक्सा आणखी कोणते व्हायरस नेतो?

बीट सॉइल-बोर्न व्हायरस, बीट व्हायरस क्यू, आणि अमेरिकेत बीट सॉइल-बोर्न मोझॅक व्हायरस. हे पण त्याच सुईतून जातात. पहिले दोन एकट्याने फारसं बिघडवताना दिसत नाहीत.

आपल्याकडे महाराष्ट्रात याचा संबंध काय?

दोन संबंध. पहिला थेट बीटचा: २००० नंतर जालना आणि पुणे जिल्ह्यात उष्ण हवामानाच्या शुगर बीटचे प्रयोग झाले, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने पण चाचण्या घेतल्या, कमी पाण्यात आणि सहा महिन्यांत साखर हा त्यामागचा विचार. आपल्या गरम जमिनीत बीटाला सगळ्यात जास्त सतावते ती स्क्लेरोशियममुळे होणारी मूळकूज, पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसतात ती. रायझोमेनियात कूज पहिली येत नाही, दाढी पहिली येते, म्हणून कोणी बीट लावलाच तर या दोन्हीत गल्लत करू नका.

दुसरा संबंध मला जास्त जवळचा वाटतो, भुईमुगाचा. पॉलिमिक्सा बीटीचा सख्खा भाऊ पॉलिमिक्सा ग्रॅमिनिस, हा गवतवर्गीय पिकांच्या मुळात राहतो, आणि तो इंडियन पीनट क्लम्प व्हायरस नेतो. पंजाब, राजस्थान, आंध्र या भागांत भुईमुगाची झाडं खुजी, गडद हिरवी, झुडपासारखी आखडलेली राहतात ती यामुळे. हैदराबादजवळच्या पाटनचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत यावर बरंच काम झालं. तिथं एक सुंदर युक्ती निघाली: भुईमुगाच्या आधी बाजरी दाट पेरायची, पॉलिमिक्सा जागा होऊन तिच्या मुळात शिरतो, आणि त्याने नवीन पुंजके बनवायच्या आत बाजरी नांगरून टाकायची. झोपलेल्याला उठवून उपाशी मारायचं. हा व्हायरस भुईमुगाच्या बियाण्यातून पण जातो, इथे बीटपेक्षा फरक आहे, त्यामुळे रोगट शेतातली शेंग बियाण्याला ठेवायची नाही.

रोगट बीटची साखर खाल्ली तर माणसाला काही होतं का?

नाही. वनस्पतींचा व्हायरस आहे, माणसाला किंवा जनावराला लागत नाही. काळजी फक्त शेणखताची, ते वर सांगितलंय.

परदेशात बीटच्या शेतावर काम करून परत येताना काय काळजी घ्यायची?

शिकायला किंवा कामाला जाणारी आपली मुलं आता बरीच आहेत म्हणून हे वेगळं लिहिते. शेतातले बूट घरी आणायचेच नाहीत, शक्यतो तिथंच सोडा. आणायचेच असतील तर तळव्यातल्या खाचांतली माती काडीने कोरून काढा, ब्रश आणि साबणाने धुवा, पूर्ण वाळवा आणि वाळल्यावर परत खाचा बघा, ओल्यात न दिसलेली माती वाळल्यावर पांढरी होऊन दिसते. धुतलेलं पाणी बागेत ओतू नका. खुरपं, मातीचे नमुने, मुळांसकट रोप हे आठवण म्हणून बॅगेत घालायचं नाही, भारतात माती आणायला प्लांट क्वारंटाईनचं परमिट लागतं आणि ते नियम २००३ पासूनचे आहेत. माझे बूट मी ग्रीनहाऊसच्या दारातच ठेवून आले, चप्पल घालून विमानात बसले.